सण पाळावा तो कशाकरिता?

ख्रिस्ती कुटुंबाने सण पाळावे की नाही, आणि पाळावे तर लहान मुलांस त्यांतून काय शिकवावे, हा प्रश्न वरवर पाहता लहान दिसतो. नाताळ आला, करंज्या झाल्या, मुलांस नवे कपडे मिळाले, भक्ती झाली आणि सण संपला, एवढ्यावर पुष्कळ घरांचे समाधान असते. परंतु खेड्यांतील मंडळ्यांत काम करणाऱ्या उपदेशक बंधूंस ठाऊक आहे की, हा प्रश्न मोठ्या माणसांनी टाळला तरी मुले टाळीत नाहीत. दिवाळीत साऱ्या आळीत पणत्या लागतात, आणि आपले मूल दारात उभे राहून विचारते, "आपल्याकडे का नाही?" बाप म्हणतो, "आपण ख्रिस्ती आहो, म्हणून नाही." मूल गप्प बसते. पण त्या दिवशी त्याच्या मनात ख्रिस्ती या शब्दाचा पहिला अर्थ ठरतो, तो असा की, ज्याच्या घरी दिवा नाही, फराळ नाही, आनंद नाही, तो ख्रिस्ती. नकाराच्या पायावर उभारलेला हा धर्म मूल मोठे झाल्यावर टिकेल काय, याचा विचार आईबापांनी केला पाहिजे.

याविषयी आपणांत दोन मते आहेत. कित्येक म्हणतात, दिवस पाळणे हे नियमशास्त्राचे जू आहे. गलतीकर मंडळी दिवस, महिने व सणांचे काळ पाळू लागली तेव्हा आपले श्रम व्यर्थ जातात की काय, असे भय पौलास वाटले. हे खरे आहे. परंतु तोच प्रेषित रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात सांगतो की, कोणी एक दिवस दुसऱ्याहून अधिक मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो, तर प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी. म्हणजे सण पाळल्याने कोणी तरत नाही, आणि प्रभूकरिता पाळल्यास कोणी दोषीही होत नाही.

दुसऱ्या मताचे लोक म्हणतात, मिशनरी साहेबांनी जसा नाताळ शिकविला तसाच तो पाळावा, त्यात फेरफार करू नये. या बंधूंनी थोडा इतिहास पाहावा. मुंबईस १८१३ साली आलेले अमेरिकन मराठी मिशनचे पहिले सेवक ज्या न्यू इंग्लंड प्रांताच्या मंडळ्यांतून आले, तेथील पुरिटन पूर्वजांनी नाताळ हा मनुष्यकल्पित सण समजून टाकून दिला होता. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली कायदा झाला की, जो नाताळ पाळील त्यास ५ शिलिंग दंड व्हावा. तो कायदा १६८१ साली रद्द झाला, तरी त्या राज्यात नाताळची सरकारी सुटी सुरू व्हावयास १८५६ साल उजाडावे लागले. शुभवर्तमानांत तर प्रभूच्या जन्माची तारीखच दिलेली नाही. २५ डिसेंबर ही तारीख रोम येथील ३५४ सालच्या एका पंचांगात आढळते. सजविलेले झाड जर्मनीतून आले, आणि 'नाताळ' हा आपल्या तोंडचा शब्द पोर्तुगीजांकडून आला. तेव्हा सणाची वस्त्रे निरनिराळ्या देशांनी आपापल्या परीने शिवली, हे उघड आहे. मराठी घराने ती आपल्या सुताची शिवली तर त्यात पाप कसले? रे. नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि १९१९ साली प्रभूकडे जाईपर्यंत मराठी भजन व कीर्तन ही ख्रिस्ताच्या सेवेस लाविली. त्याने सुवार्तेचे तेज कमी झाले नाही. उलट ती आपल्या लोकांच्या अंतःकरणास अधिक भिडली.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. लहान मुलास अद्याप विश्वास म्हणजे काय हे कळत नाही. मग त्याजकडून सण पाळविणे, प्रार्थनेस हात जोडविणे, हे ढोंग नव्हे काय? मोठेपणी त्याने स्वतः निवड करावी, तोवर त्यास मोकळे सोडावे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आमचे नम्र मत असे की, या आक्षेपात ढोंग या शब्दाचा अर्थ चुकला आहे. जे आपल्याजवळ नाही ते आहे असे दाखविणे म्हणजे ढोंग. मूल तसे काही दाखवीत नाही. ते 'आई' हा शब्द प्रथम उच्चारते, आईच्या मायेची थोरवी त्यास पुष्कळ वर्षांनी कळते. म्हणून तो पहिला उच्चार खोटा होता असे कोणी म्हणत नाही. शिवाय मुलास मोकळे सोडतो असे जो म्हणतो, तोही त्यास काहीतरी शिकवीतच असतो. रिकाम्या शेतात काही उगवत नाही असे नाही. तेथे तण उगवते.

देवानेही आपल्या लोकांस याच वाटेने नेले. वल्हांडणाचा विधी लावून देताना त्याने सांगितले की, पुढे तुमची मुले या विधीचा अर्थ विचारतील, तेव्हा त्यांस मिसर देशातील सुटकेची हकीकत सांगा. यार्देनेतून काढलेले १२ धोंडे यहोशवाने गिलगाल येथे उभे केले, तेही मुलांनी विचारावे म्हणूनच. विधी आधी, प्रश्न मागाहून, आणि प्रश्नाचे उत्तर बापाच्या तोंडी, असा हा क्रम आहे. जेथे बापाजवळ उत्तर नाही तेथे ते धोंडे नुसते धोंडे राहतात. म्हणून ढोंगाचे भय आहे खरे, पण ते मुलाच्या ठायी नसून आईबापांच्या ठायी आहे. वर्षभर घरात प्रार्थना नाही, आणि नाताळच्या सकाळी नवा सदरा घालून पहिल्या रांगेत बसणे, आणि त्याच रात्री दारू पिऊन घरी येणे, हे मूल पाहते. त्याला उपदेशाची आठवण राहत नाही, वासाची राहते.

शेजारधर्माविषयीही दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. दिवाळीत शेजारीण फराळाचे ताट पाठविते, तेव्हा पुष्कळ घरांत घोटाळा होतो. पौलाने करिंथकरांस लिहिले आहे की, पुढे वाढलेले खावे, चौकशी करीत बसू नये; परंतु हे मूर्तीस वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकाकरिता खाऊ नये. तेव्हा प्रेमाने आलेले ताट प्रेमाने घ्यावे. नैवेद्य म्हणून आलेले असेल तर गोड शब्दांनी नाकारावे. पूजेत आपण भाग घेत नाही, हे मुलास स्पष्ट सांगावे, पण ते सांगताना शेजाऱ्याच्या देवाची थट्टा करू नये. मूल थट्टा लवकर शिकते, भक्ती उशिरा शिकते. आणि आपल्या देशाची रीत अशी की, आलेले ताट रिकामे परत जात नाही. नाताळात आपली करंजी त्या घरी मुलाच्याच हाती पाठवावी. कणीक, खोबरे व गूळ यांस जात नाही व धर्मही नाही. ज्या हेतूने ते दिले जातात त्याने त्यांस अर्थ येतो. आणि मूल "आपल्याकडे का नाही?" असे विचारील, त्यास "आपला सण येत आहे, त्या दिवशी आपण दिवा लावू, आणि तो कशाकरिता ते मी तुला सांगेन," असे उत्तर द्यावे. मग त्या दिवशी ते वचन मोडू नये.

सणाचे कर्ज हा याहून कठीण विषय आहे. अहिल्यानगर व बीड या जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबे, त्यांत आपली ख्रिस्ती कुटुंबेही आहेत, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. नवराबायको मिळून एक कोयता मोजतात, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत ते दोघे बांधलेले असतात. नाताळ येतो तेव्हा ती कोपीत असतात. तेथे प्रार्थनामंदिर नाही, घंटा नाही, शब्बाथ शाळा नाही. अशा वेळी मुलांचे तोंड पाहून बापास वाटते, आणखी थोडी उचल घ्यावी आणि कपडे आणावे. त्याच्या मायेस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु तो सण एका दिवसाचा, आणि त्याची फेड पुढल्या हंगामात त्याच मुलांच्या पोटातून होते. शिवाय आनंद विकत मिळतो, हा धडा मूल त्यातून घेते. प्रभूचा जन्म झाला तेव्हा योसेफ व मरिया याही आपल्या गावाबाहेर, दुसऱ्याच्या हुकुमाने गेलेली होती, आणि उतारशाळेत त्यांस जागा नव्हती. कोपीतील बापाने ही कथा आपल्या मुलांस सांगितली, तर ती त्यांस आमच्या सजविलेल्या मंदिरातील मुलांहून लवकर समजेल.

तथापि एवढे सांगून गावच्या मंडळीची सुटका होत नाही. अनुवादाच्या १६ व्या अध्यायात सणाच्या आनंदात दास, परदेशी, अनाथ व विधवा यांस सामील करण्याची आज्ञा आहे; ज्यांच्याकडे काही शिजलेले नाही त्यांस वाटा पाठवा, असे नहेम्याच्या काळी लोकांस सांगण्यात आले. ज्या मंडळीची निम्मी घरे फडावर आहेत, तिने आपल्या नाताळच्या खर्चातून दोन माणसे फडावर पाठवावी, तेथे भक्ती करावी, आणि गावी आजीआजोबांपाशी राहिलेल्या मुलांस त्या दिवशी कोणाच्या तरी पंक्तीस बसवावे. हे झाल्यावाचून आपली रोषणाई देवापुढे शोभणार नाही.

सणात घरची माउली पहाटेपासून चुलीपुढे असते, हेही विसरू नये. तिला शुभवर्तमान ऐकावयास सवड नसेल, तर तो सण घराचा झाला नाही. बापाने पाणी भरावे, मुलग्यांनी भांडी घासावी. सेवा म्हणजे काय हे मुलग्यांस तेथेच कळेल.

प्रिय वाचकहो, कर्ज न काढता प्रत्येक घरास होण्याजोगे एवढे आहे: एक दिवा, बापाच्या किंवा आईच्या तोंडून जन्माची कथा, एक गोड पदार्थ, आणि त्यातला वाटा बाहेर. आणि बाकीच्या दिवशी, घरी बसता, वाटेने चालता, निजता व उठता मुलांशी देवाच्या वचनाविषयी बोलावे, ही जुनी आज्ञा पाळावी. सणाचे मूळ या साध्या दिवसांत आहे. आपली मुले प्रश्न विचारतील तेव्हा उत्तर देण्यास आपण घरी व शुद्धीवर असावे, अशी कृपा प्रभु आपणां सर्वांस देवो.