देव दोन आहेत काय?

आपल्या मंडळ्यांत एक वाक्य फार सहज बोलले जाते, की जुन्या करारातील देव क्रोधाचा आणि नव्या करारातील देव प्रीतीचा. बमरोली-पांडेसरा भागातील घरगुती प्रार्थनासभांत ते मी कितीदा तरी ऐकले आहे. शब्बाथशाळेत तर ते मुलांकडून जणू पाठच करून घेतले जाते. बोलणाऱ्याचा हेतू ख्रिस्ताची थोरवी गाण्याचा असतो, हे मान्य. पण त्यातून नकळत दोन देव उभे राहतात. मार्सियन नावाच्या गृहस्थाने नेमके हेच शिकवले, आणि इ. स. १४४ च्या सुमारास रोम येथील मंडळीने त्याला बाहेर काढले.

यहूदी लोक आपल्या देवाविषयी स्वतः काय म्हणतात, हे जाणण्यास यरुशलेमेला जावे लागत नाही. कोकणातील बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आले. ते तेल गाळीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर त्यांच्यापैकी पुष्कळ जण इस्राएल देशात गेले. तरी मुंबईच्या मांडवी भागात त्यांचे सर्वांत जुने सभास्थान आहे. ते १७९६ साली सामुएल इझेकिएल दिवेकर यांनी बांधले. हे गृहस्थ कंपनीच्या फौजेत होते; टिपू सुलतानाच्या कैदेतून जीव वाचला म्हणून त्यांनी ते उभारले, अशी परंपरा सांगते. त्याचे नाव ‘शआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. रहमीम या इब्री शब्दाचे नाते गर्भाशयवाचक शब्दाशी आहे. आपण ज्याला माउलीची माया म्हणतो, त्याच्या अगदी जवळचा हा शब्द! ज्यांचा देव केवळ क्रोधी, ते लोक उपासनेच्या घराला असे नाव देतील काय?

निर्गम ३४:६-७ मध्ये देव स्वतः आपला स्वभाव सांगतो, आणि तोही सोन्याच्या वासराचे पाप ताजे असताना. यहूदी गुरूंनी तेथे देवाचे तेरा गुण मोजले. प्रायश्चित्ताच्या दिवशी ते मोठ्याने म्हटले जातात, आणि त्याच दिवशी दुपारी योनाचे पुस्तक वाचतात. योनाची तक्रार काय होती? देव दयाळू आहे, हीच (योना ४:२)! आणि ती दया निनवेकरांवर, म्हणजे परक्यांवर व शत्रूंवर झाली होती. यहूद्यांचा देव फक्त यहूद्यांपुरता, हे आपले दुसरे ठरलेले वाक्यही येथे टिकत नाही.

मग फरक नाहीच काय? आहे, आणि तो लहान नाही. यहूदी मनुष्य म्हणतो, देव एक आहे, तो देह धारण करीत नाही; पापी माघारी वळला की तो त्याला स्वीकारतो, मध्ये कोणी लागत नाही. आपण म्हणतो, वळण्याचे बळच मनुष्यात उरले नव्हते, म्हणून देव स्वतः खाली आला, आपण पापी असतानाच ख्रिस्त मेला (रोम. ५:८). वधस्तंभाविषयी माझी खात्री तसूभरही हललेली नाही. पण ही खात्री सांगण्यासाठी दुसऱ्याच्या देवाला निर्दय ठरवण्याची गरज मला दिसत नाही. पौलानेही रोम. ११ मध्ये इस्राएलाचे पाचारण रद्द झाले असे म्हटलेले नाही.

एके ठिकाणी मात्र त्यांची शिकवण आपल्याला अडचणीत टाकते. मिश्ना या त्यांच्या ग्रंथात असा नियम आहे, की प्रायश्चित्ताचा दिवस देवाविरुद्धच्या पापांची क्षमा मिळवून देतो. शेजाऱ्याविरुद्धच्या पापाची क्षमा शेजाऱ्याची समजूत घातल्याशिवाय मिळत नाही. समजा, यंत्रमागावर काम करणाऱ्या एकाने सोबत्याच्या पगारातले पाचशे रुपये दाबले, आणि रविवारी डोळ्यांत पाणी आणून देवाची क्षमा मागितली. देव प्रीती आहे, हे खरे. पण ते पाचशे रुपये देवाचे नव्हते. सोबत्याच्या घरी त्या आठवड्यात रेशन आले नाही. देवाने त्याच्या वतीने, त्याला न विचारता, हिशेब मिटवला, असे आपण म्हणू शकतो काय? पुष्कळ सज्जन यहूदी आपल्या क्षमेच्या उपदेशाकडे संशयाने पाहतात ते याच कारणाने, आणि त्यांना स्वस्त उत्तर देऊन भागणार नाही. प्रभूने मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाकडे जा म्हणून सांगितले. म्हणजे या बाबतीत तो मिश्नाच्या गुरूंच्या बाजूला उभा आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी आपल्यापैकी किती जण कोणाच्या दारी जातात?