दहावा ॲटनबरो

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो नावाचं गाव आहे. सेंट मेरीचं जुनं चर्च आणि त्याच्या शेजारचं, ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई हेन्री आयर्टन याचं घर ही गावाची जुनी ओळख. पलीकडे खडी उपसून झालेल्या खड्ड्यांत तळी साचली आहेत. या तळ्यांचं पक्षी-अभयारण्य झालं तेव्हा, १९६६ साली, उद्घाटनाला निसर्गपटांचे निवेदक डेव्हिड ॲटनबरो आले होते. गावाचं आणि पाहुण्यांचं नाव एक असावं हा काही योगायोग नव्हता. त्यांच्या कुळाला हे आडनाव या गावावरूनच मिळालेलं आहे.

गावावरून पडणारं आडनाव गाव सोडल्यावर लागतं, हे मराठी माणसाला सांगायला नको. पंढरपुरात राहणाऱ्याला पंढरपूरकर म्हणून कोण हाक मारणार? ॲटनबरो गावातून कुणीतरी कधीतरी बाहेर पडलं, दुसऱ्या गावी स्थिरावलं, आणि तिथल्या लोकांनी त्याला त्याच्या मूळ गावाने ओळखायला सुरुवात केली. १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर इंग्लंडच्या उमरावांत अशी वंशपरंपरेने चालणारी आडनावं रुजली आणि पुढच्या तीनेकशे वर्षांत साध्या शेतकऱ्यापर्यंत पोचली. स्मिथ हे आडनाव गावोगावच्या लोहारांना स्वतंत्रपणे पडलं, म्हणून ते देशभर आहे. ॲटनबरोचा उगम एकाच गावातला, म्हणून ते दुर्मीळ आहे आणि मुख्यतः नॉटिंगहॅमशर आणि आसपासच्या मुलखात गोळा झालेलं आहे. डेव्हिड आणि रिचर्ड या भावांचे वडील फ्रेडरिक ॲटनबरो १८८७ साली स्टेपलफर्डला जन्मले. तिथून मूळ गाव चालत तासाभराच्या वाटेवर. एवढी शतकं गेली, पण कुळाची ही शाखा तेवढंच अंतर सरकली होती.

इंग्रज आडनावं जमिनीला अशी चिकटून असतात, हे हेन्री गप्पी यांनी १८९० साली पुस्तकरूपाने दाखवलं. त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांच्या निर्देशिकांमधून नेमके शेतकरी निवडून मोजले, कारण शेतकरी सहसा जागा सोडत नाही. पुढे १८८१ च्या जनगणनेवरून आडनावांचे नकाशे निघाले, आणि २०१६ साली ब्रिटन-आयर्लंडमधल्या पंचेचाळीस हजारांहून अधिक आडनावांचा कोश ऑक्सफर्डने छापला. नाव कुठून आलं, याचं उत्तर आता बऱ्यापैकी देता येतं. त्या नावाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या नेमकं काय चालत आलं, हा प्रश्न मात्र नकाशाने सुटत नाही. तो धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. माणूस कुळाचा होतो तो रक्ताने, की कुणीतरी त्याला आपला म्हटल्याने?

इंग्लंडच्या चर्चने या प्रश्नाची एक बाजू फार पूर्वी वेगळी काढली. १५३८ साली राजमंत्री थॉमस क्रॉमवेलच्या हुकुमाने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही सुरू झाली. इंग्रज माणूस आज पूर्वज शोधतो तो याच वह्यांमधून. पण बाप्तिस्म्याच्या पाण्यासोबत मूल आडनाव घेत नाही. त्याला नाव मिळतं ते एकच, स्वतःचं. चर्चच्या प्रश्नोत्तरीतला पहिला प्रश्न मुलाला त्याचं नाव विचारतो आणि दुसरा, ते कुणी दिलं हे विचारतो. उत्तरात धर्मपिता आणि धर्ममाता येतात, जन्मदाते नाहीत. देवापुढे उभं राहायला कुळ लागत नाही, असा याचा अर्थ घेतला तर तो ओढूनताणून होणार नाही.

कुळाची काळजी होती ती माणसांना. थोर घराण्यांची आडनावं नामशेष का होतात, हा प्रश्न फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ साली एका नियतकालिकात गणित म्हणून मांडला. उत्तर दिलं हेन्री वॉटसन यांनी. ते गणिती होते आणि वॉरिकशरमधल्या बर्क्सवेलचे धर्मगुरूही. पुष्कळ पुरुष मुलगा मागे न ठेवता जातात. नाव मुलग्यांमार्फतच चालणार असेल तर निव्वळ दैवयोगाने शाखेमागून शाखा गळत जाते. वॉटसन यांचा निष्कर्ष असा होता की पुरेसा काळ गेला की प्रत्येक आडनाव संपतं. हे चूक होतं. वंश वाढता असेल तर काही आडनावं कायम टिकू शकतात, हे पुढे १९३० साली स्टेफेन्सन यांनी पूर्णपणे सिद्ध केलं. तरी मूळ विचार भक्कम होता. त्यात १३४८ नंतरच्या महामारीने देशातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं नेली. या चाळणीतून जे दुर्मीळ आडनाव उरलं, ते बहुधा एकाच पुरुषाच्या वंशात उरलं.

इथून गोष्ट लेस्टर शहरात येते. फ्रेडरिक ॲटनबरो १९३२ पासून १९५१ पर्यंत तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते. त्या कॉलेजचं पुढे विद्यापीठ झालं, तिथे १९८४ साली ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत शोधली, आणि तिथेच टूरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी आडनावांचा अभ्यास हाती घेतला. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला मिळतं, आडनावही तसंच मिळतं. मग एका आडनावाच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र एकसारखं असायला हवं. २००९ साली त्यांनी चाळीस आडनावांच्या १,६७८ पुरुषांचे निकाल मांडले. स्मिथ मंडळींत रस्त्यावरच्या कुठल्याही दोन माणसांइतकंच साम्य निघालं. आडनाव जितकं दुर्मीळ, तितकं साम्य अधिक. आणि ॲटनबरोंमध्ये दहांतल्या जवळजवळ नऊ जणांकडे एकाच गटाचं वाय गुणसूत्र होतं. तो गटही ब्रिटनमध्ये एरवी क्वचितच आढळणारा, त्यामुळे योगायोगाला जागा उरली नाही. आडनावाच्या मुळाशी खरोखर एकच पुरुष उभा असावा.

बातम्या झाल्या त्या या नऊ जणांच्या. विचार करायला हवा तो दहाव्याचा.

तो ॲटनबरो आहे, त्याचा बाप आणि आजा ॲटनबरो होते, पण त्याचं गुणसूत्र भलत्याच कुणाचं आहे. मागे कुठेतरी साखळी तुटलेली आहे. कशी, हे गुणसूत्र सांगत नाही. कदाचित विधवेने दुसरं लग्न केलं आणि लेकरांनी सावत्र बापाचं नाव लावलं. कदाचित अनाथ भाचा मामाच्या घरी वाढला. इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदा १९२६ पर्यंत नव्हताच. मूल घरात घेतलं की घेतलं. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला तिथला कायदा कुणाचंच मूल मानत नसे. ते आईचं आडनाव लावी, आणि पुढचा वंश आईच्या माहेरच्या नावाने पण परक्या गुणसूत्राने चाले. कधी नवऱ्याला ठाऊक नसलेलं सत्य असेल. कधी मालकाने मोलकरणीवर केलेला अत्याचारही असेल, आणि त्याला प्रेमाची गोष्ट म्हणून सजवू नये. अशा तुटींचं प्रमाण या संशोधकांनी दर पिढीला साधारण एक ते साडेचार टक्के धरलं. आकडा लहान वाटतो, पण वीस-पंचवीस पिढ्यांत तो साचत जातो.

मग दहावा माणूस खोटा ॲटनबरो ठरतो का? जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली डार्टमाउथ गावाचं उदाहरण दिलं होतं. डार्ट नदीच्या मुखाशी वसलं म्हणून गावाला ते नाव पडलं. उद्या मुख वाळूने बुजलं किंवा भूकंपाने नदी दूर गेली, तरी गावाचं नाव बदलायचं कारण नाही. नाव पडण्याचं कारण वेगळं आणि नावाचा अर्थ वेगळा. १९७० साली प्रिन्स्टनच्या व्याख्यानांत सॉल क्रिपके यांनी हा विचार पुढे नेला. आरंभी कुणीतरी नाव ठेवतो, मग ते तोंडातोंडी, माणसाकडून माणसाकडे जातं. ही देवाणघेवाण अखंड असली की नाव खरं. क्रिपके बोलत होते ते एकाच व्यक्तीच्या नावाबद्दल, कुळाच्या नव्हे. पण त्यांची कसोटी दहाव्या ॲटनबरोला लावली तर तो पूर्ण उतरतो. रक्ताची साखळी तुटलेली, नावाची मात्र एक कडीही निसटलेली नाही. प्रत्येक पिढीत कुणीतरी त्या मुलाला आपल्या नावाने हाक मारली.

धर्मग्रंथांनी हा पेच टाळलेला नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ अब्राहामापासून दावीदामार्गे योसेफापर्यंत येते. लूकच्या शुभवर्तमानातली उलट, योसेफापासून आदामापर्यंत चढते. दोन्हींतली नावं जुळत नाहीत. एकीत योसेफाचा बाप याकोब, दुसरीत एली. तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकानस यांनी यावर तोड काढली, ती अशी: एक जन्माने बाप, दुसरा कायद्याने, कारण निपुत्रिक मेलेल्या भावाच्या विधवेशी दिराने लग्न करायची रीत होती. पण खरा पेच याहून खोल आहे. दोन्ही वंशावळी योसेफाच्या आहेत, आणि याच ग्रंथांच्या म्हणण्याप्रमाणे योसेफ येशूचा जन्मदाता नाही. येशू दावीदाच्या वंशातला ठरतो तो योसेफाने त्याला पदरात घेतलं म्हणून. पॅरिशच्या वहीत बाप्तिस्मे नोंदवणारे पाद्री दर वर्षी हा मजकूर वाचत होते. ख्रिस्ती श्रद्धेच्या मध्यभागी एक दहावा ॲटनबरो आहे, असं म्हणायला हरकत नाही.

मनुस्मृतीसारख्या कर्मठ ग्रंथानेही बारा प्रकारचे पुत्र मोजले आहेत. त्यांत घरात गुपचूप जन्मलेला, बाप कोण हे न कळलेला गूढोत्पन्न पुत्रही आहे, आणि तो ज्याच्या बायकोला झाला त्याचा ठरतो. छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम याहून पुढे जातो. गुरूकडे निघालेला मुलगा आईला गोत्र विचारतो. जबाला सांगते की तारुण्यात अनेकांची सेवा करत फिरताना तू झालास, गोत्र मला ठाऊक नाही. तू माझ्या नावाने सत्यकाम जाबाल हो. मुलगा गुरूला तेच जसंच्या तसं सांगतो, आणि गौतम त्याला शिष्य करून घेतात. गुरूच्या तोंडी तिथे वर्णाची भाषा आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांनी सत्यावरून कुळ ठरवलं, कुळावरून सत्य नव्हे. शिवाय त्या मुलाला मिळालं ते आईचं नाव. आडनाव आणि वाय गुणसूत्र, दोन्ही आयांना गाळूनच पुढे सरकतात. दहा पिढ्या मागे गेलं की माणसाला एक हजार चोवीस पूर्वज असायला हवेत, आणि वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाचा पत्ता देतं.

एका पूर्वजाचा पत्ता किती चकवतो, याचा दाखला यॉर्कशरचा. लेस्टरच्याच गटाला तिथल्या एका दुर्मीळ आडनावाच्या पुरुषात पश्चिम आफ्रिकेत सापडणारा वाय गुणसूत्राचा प्रकार मिळाला. त्या आडनावाचे अठरा पुरुष तपासले, सात जणांत तो निघाला. कागदपत्रांवरून हे सात जण अठराव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशरमध्ये असलेल्या दोन घराण्यांपर्यंत मागे गेले. कुणाच्याही घरात आफ्रिकी पूर्वजाची आठवण नव्हती. तो पूर्वज गुलामांच्या व्यापारात आला असेल, किंवा तिसऱ्या शतकात हेड्रियनच्या भिंतीवर पहारा देणाऱ्या उत्तर आफ्रिकेच्या रोमन पलटणीच्या काळाइतका जुना असेल. २००७ साली निकाल प्रसिद्ध झाला, आणि ही मंडळी दुसऱ्या दिवशीही तितकीच यॉर्कशरची होती. ज्यांना इंग्रजपण रक्तात शोधायचं आहे त्यांनी या अठरा जणांत रेघ कुठे ओढायची ते सांगावं.

राजघराण्याची गोष्टही वेगळी नाही. २०१२ साली लेस्टरच्या एका वाहनतळाखाली तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला. आईच्या बाजूची खूण आजच्या नातलगांशी जुळली. बापाच्या बाजूची, त्याच राजवंशातून उतरलेल्या सरदारघराण्याच्या पुरुषांशी जुळली नाही. मधल्या एकोणीसेक पिढ्यांत कुठेतरी तूट होती. २०१५ च्या मार्चमध्ये लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये त्याला राजा म्हणूनच मूठमाती दिली.

याच शहरात १९३९ साली फ्रेडरिक आणि मेरी ॲटनबरो यांनी बर्लिनहून आलेल्या दोन ज्यू मुलींना घरात घेतलं. त्या अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे निघाल्या होत्या, पण युद्ध सुरू झालं आणि वाट बंद झाली. सुमारे सात वर्षं त्या ॲटनबरोंच्या तीन मुलग्यांच्या बहिणी होऊन राहिल्या. त्यांचे वडील आउश्वित्झमध्ये मारले गेले. मुलींनी आडनाव बदललं नाही, आणि त्या घराने तशी अटही घातली नाही. दहाव्या ॲटनबरोला कुणीतरी आपलं नाव दिलं होतं. या मुलींना नावाशिवायच घर मिळालं, त्यांचं स्वतःचं नाव शाबूत ठेवून. त्या घरातल्या थोरल्या मुलाने, रिचर्डने, १९८२ साली ‘गांधी’ हा चित्रपट पूर्ण केला. त्यात ओम पुरींनी रंगवलेला दंगलखोर हिंदू एक मुसलमान मूल मारल्याची कबुली देतो, आणि गांधी त्याला सांगतात की आईबाप गमावलेलं एक मूल शोध, त्याला आपल्या घरात वाढव. मात्र मूल मुसलमानाचं असू दे आणि त्याला मुसलमान म्हणूनच वाढव.