परक्या ओसरीवर

ज्या घरात दोन रात्री मुक्काम केला, त्या घराचे आपण भाड्यापलीकडे काही देणे लागतो काय? भाडे चुकते केले की हिशेब मिटला, असे मी आजवर समजत होतो. गेल्या पौषात तामिळनाडूतल्या कानाडुकात्तान या गावी राहिलो आणि हा हिशेब बिघडला.

हे गाव चेट्टिनाड मुलखातले. नाट्टुकोट्टै चेट्टियार या सावकारी करणाऱ्या जमातीने तेथे मोठमोठे वाडे बांधले. पुढचा दरवाजा एका रस्त्यावर, तर परसदार थेट मागल्या रस्त्यावर! त्यांतल्या काही वाड्यांत आता प्रवाशांना उतरता येते. आम्ही उतरलो त्या वाड्याच्या ओसरीवर ब्रह्मदेशी सागवानाचे खांब होते, माझ्या कवेत न मावणारे. भिंतींच्या चुन्यात शिंपल्यांची पूड आणि अंड्यातला पांढरा बलक घालून गिलावा असा घोटलेला, की हात फिरवावा तो संगमरवरासारखा गार लागे. पायाखाली अत्तंगुडीच्या फरश्या. शेजारच्या अत्तंगुडी गावी त्या काचेवर घडवतात. काचेवर साचा ठेवून त्यात रंग ओततात, वर वाळू-सिमेंट दाबतात, मग पाण्यात मुरवतात. भट्टी नाहीच. काचेचा गुळगुळीतपणा तेवढा फरशीला येतो. मी तर अनवाणीच हिंडत होतो.

पण सागवानामागोमाग ब्रह्मदेशही मनात आला. चेट्टियार तेथल्या भातशेतकऱ्यांना कर्जे देत. त्यांना नुसते लुबाडणारे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या पैशावाचून इरावतीच्या मुखाकडची दलदल एवढ्या झपाट्याने लागवडीखाली आली नसती. पुढे जागतिक मंदीत भाताचे भाव कोसळले, कर्जे थकली, तारण जमिनी सावकारांच्या नावे झाल्या. दक्षिण ब्रह्मदेशच्या मुख्य भातजिल्ह्यांत १९३० साली सुमारे ६ टक्के शेतजमीन त्यांच्याकडे होती. १९३८ पर्यंत ती २५ टक्क्यांवर गेली. आमचा वाडा त्याआधीचाही असेल. पण खांब उभे राहिले ते व्याजावरच ना?

रात्री मी पत्नीला म्हणालो, "आता या खांबांकडे बघवत नाही."

ती अंथरूण झटकीत होती. म्हणाली, "अहो, आणि आपल्या वाड्याचा दरवाजा बरा बघवतो तुम्हांला? मामंजींच्या वडिलांनी तो काय पूजा सांगून केला?"

मी गप्प झालो. आजोबांची सावकारी होती. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, हे मी शाळेत तीस वर्षे शिकवले. आमच्या माजघरातल्या फडताळातल्या खतावण्या मात्र कधी उघडल्या नाहीत. दरवाजावरची कमळे पाहुण्यांना दाखवताना ती कोरणाऱ्या सुताराचे नाव कोणी विचारले, तर मला सांगता येत नाही.

आता काय, सुंदर वस्तूवरून नजर काढून घ्यायची? तसे केले तर त्या सुताराची उरलीसुरली मजुरीही बुडवल्यासारखे होईल. आणि डोळे भरून पाहायचे, तर ज्याची जमीन गेली त्याचे काय? नुसते हळहळणे मला फार स्वस्त वाटते. परक्या ओसरीवर बसून तर फारच.

घरी आल्यावर फडताळ उघडले. खतावणीत काही आडनावे ओळखीची निघाली. त्यांतले एक घर अजून आमच्याच आळीत आहे. तिकडे जाऊन काय बोलावे, ते ठरलेले नाही. दरवाजाला मात्र यंदाच्या दिवाळीलाही तेलाचा हात दिला.