आवाजाच्या आधी

आमच्या डिंभ्याकडं रात्री पिकाला पाणी द्यायला जाताना बिबट्याच्या भीतीनं लोक फटाका वाजवतात. वात पेटली की माझे डोळे मिटतात. आवाज नंतर होतो. पिस्तूल चालवणाऱ्याचंही तेच होतं. धक्का बसणार म्हणून मनगट आधीच खाली दाबतं आणि गोळी नेमाच्या खाली लागते. खरा धक्का हाताला पुरता जाणवेपर्यंत गोळी नळीबाहेर गेलेली असते! यावर जुनी युक्ती अशी: खऱ्या काडतुसांत दुसऱ्या कुणी गुपचूप एखादं नकली भरून द्यायचं. त्यावर चाप ओढला की आवाज होत नाही, नळी मात्र खाली झुकलेली दिसते.

हा भित्रेपणा का? मला नाही वाटत. दचकणं कुणी ठरवून करत नाही, मग दोष कसला द्यायचा? नळी झुकलेली पाहूनही ‘पिस्तूलच खराब’ म्हटलं, तर तो दोष.

कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये दोन शूट-ऑफनंतर सुवर्ण जिंकलं. तिच्या .२२ पिस्तुलाचा धक्का तसा थोडाच, पण पदक एका गोळीवर आलेलं. तेव्हा तिचं काळीज शांत होतं असं मी धरत नाही. सराव मनगटाचा असतो, काळजाचा कुठं असतो?