न दिसलेल्या पक्ष्यांची नोंद

हिवाळा लागला की पुण्या-मुंबईचे पक्षीवेडे दिल्लीत उतरतात आणि दिल्ली न पाहताच पुढे जातात. रात्रीची काठगोदामची गाडी, मग सातताल, पंगोट. नशीब जोरावर असेल तर चीर फेझंट. परतताना सवड उरलीच तर भरतपूर. यादी वाढते, पैसे वसूल होतात. कुमाऊंची ती ओक-बुरांशाची रानं पाहावीत, यात वादच नाही. पण अशा सहलीत एक हिशेब नकळत मनात बसतो: पक्षी दिसले, म्हणजे जागा चांगली.

दिल्लीत हा हिशेब साफ कोलमडतो. ओखल्याच्या बराजमागे यमुनेचं पाणी तुंबलं, पक्षी आले आणि १९९० मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम चार चौरस किलोमीटर. पलीकडे नोएडाचे मनोरे, डोक्यावर विजेच्या तारा. बराजच्या खालच्या अंगाला कालिंदी कुंजपाशी नदीवर फेसाचे ढीग तरंगतात, वरच्या अंगाला बदकं चरतात. थापट्या बदक मान पाण्याला टेकवून सावकाश पुढे सरकतं. त्याच्या पसरट चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी बाहेर जातं, किडे आणि बिया आत राहतात. सांडपाण्याने माजलेल्या पाण्यात हे खाणं मुबलक. नजफगढ नाला ही एकेकाळची साहिबी नदी, आज यमुनेत सर्वाधिक घाण ओतणारा प्रवाह. त्याच्या काठीही शेकाटे आपल्या लांब गुलाबी पायांवर निवांत उभे असतात. गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगरावर घारींची दाटी असते, आणि थंडीत त्यांत हिमालयापलीकडून आलेल्या पाहुण्या घारीही मिसळतात.

थवा दिसला की ‘नदी सुधारतेय’ म्हणणाऱ्यांची मला म्हणूनच धास्ती वाटते. थापट्या त्याला काय खायला मिळालं एवढंच सांगतो. नदीबद्दल खरी साक्ष देतील ते वाळूच्या बेटांवर अंडी घालणारे काळ्या पोटाच्या सुरयसारखे पक्षी. पात्रात मोकळी, निर्धोक वाळू उरली नाही की ते निघून जातात, आणि गेलेल्याचा फोटो काढता येत नाही.

गैरहजेरी कळते ती जुन्या वह्यांमुळे. होरेस अलेक्झांडर आणि मंडळींनी १९५० मध्ये दिल्लीत पक्षीनिरीक्षकांची संस्था काढली. उषा गांगुली यांचं दिल्ली परिसरातल्या पक्ष्यांवरचं पुस्तक १९७५ मध्ये आलं. त्यातल्या नोंदी आज वाचताना प्रत्येक नावापुढे ‘अजून येतो का?’ असा प्रश्न उभा राहतो. सायबेरियन क्रौंच भरतपूरला २००२ नंतर आले नाहीत, हे आपण ठामपणे म्हणू शकतो, कारण दर हिवाळ्यात त्यांची वाट पाहणारे आणि मोजणारे लोक तिथे होते. दिल्लीजवळच्या सुलतानपूरची झील पक्षीनिरीक्षक पीटर जॅक्सन यांनी थेट इंदिरा गांधींकडे पाठपुरावा केला म्हणून १९७१ मध्ये अभयारण्य झाली. ती पाहिली होती अनेकांनी. जॅक्सन मात्र पुन्हा पुन्हा तिथे जाणारे होते.

एकदाच येऊन जाणाऱ्याला हे जमणार कसं? चार दिवसांच्या पाहुण्याला काय कमी झालंय ते दिसूच शकत नाही. पण त्याच्याही हातून थोडं काम होऊ शकतं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना शेवटी एक प्रश्न येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? उत्तर ‘हो’ असेल, तरच त्या यादीत नसलेल्या पक्ष्याला काही अर्थ येतो. निवडक नवलाईची यादी इथे कुचकामी. सहलीत मात्र नेमकं हेच होतं. फेझंटचं नाव, वेळ, कुठल्या वळणावर दिसला, सगळं टिपलं जातं, आणि ढाब्यावर चहा पिताना समोर नाचणाऱ्या चिमण्या कुणी लिहीत नाही. दिल्लीत गाडी बदलायला मध्ये अर्धा दिवस मिळतोच. ओखल्याला जावं, आणि घारी, कावळे, पारवे, वारकरी, सगळे लिहावेत.