खोटा इशारा

नरकचतुर्दशीचा फराळ आटोपून पोरे अंगणातल्या किल्ल्याकडे पळाली. माझा पुतण्या मात्र संगणकापुढेच बसून राहिला. त्याला संगणकावरचा एक खेळ रचायचा होता. खेळ साधाच : अंधाऱ्या वाड्यात पणती घेऊन वाट शोधायची. खेळ चालवणाऱ्या यंत्रणेचे नाव युनिटी, आणि तिच्यासाठीचा मजकूर सी शार्प नावाच्या भाषेत लिहायचा, एवढे त्याने मला सांगितले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मी मान डोलावली.

"काका, हा एडिटर माझ्यावर उगाच आळ घेतोय," तो म्हणाला.

मी पडद्याकडे पाहिले. काही शब्द फिके पडले होते, काहींखाली हिरव्या नागमोडी रेघा होत्या. 'अपडेट' नावाच्या कृतीबद्दल तक्रार अशी, की हिचा कोणी वापरच करत नाही. 'ज्योत' नावाच्या जागेबद्दल अशी, की हिच्यात कोणी काही ठेवलेले नाही, ही कायम रिकामीच राहणार. दोन्ही आरोप खोटे. युनिटी ती कृती नावावरून ओळखते आणि पडद्यावर चित्र उमटवताना दर वेळी तिला हाक मारते. सेकंदाला ६० चित्रे असली, तर ६० वेळा. ज्योतीच्या जागेवर एक खूण केली, की ती युनिटीच्या खिडकीतून भरता येते. एडिटरला मात्र समोरचा मजकूर तेवढा दिसतो. बाहेरून येणारी हाक त्याच्या कानी पडत नाही.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट मी वर्गात कितीदा तरी सांगितली आहे. पण त्या गोष्टीतला पोरगा लबाड होता. हा एडिटर बिचारा प्रामाणिक. झुडूप हलले की त्याला खरोखरच लांडगा वाटतो. लबाडाला शिक्षा करता येते. प्रामाणिकपणे चुकणाऱ्याचे काय करावे?

त्याचे ऐकून 'अपडेट' पुसून टाकावे, तर खेळच थिजेल. ज्योतीपुढे 'रिकामी' असे मुद्दाम लिहून त्याचे समाधान करावे, तर अपाय काही नाही. पण घरातल्या तापट माणसाला 'हो, हो' म्हणण्यासारखेच ते. तिसरी वाट, या जातीच्या इशाऱ्यांचे तोंड सगळीकडेच बंद करावे. पोरगा तीच धरणार होता.

"आणखी काही उपाय नाही का रे?" मी विचारले.

होता. युनिटीच्या चालीरीती एडिटरला शिकवणारी पुरवणी मायक्रोसॉफ्टने केलेली आहे. याच्याकडचे जोडणीचे पॅकेज तेवढे जुने राहिले होते. ते नवे करून त्याने प्रकल्पाच्या फायली पुन्हा तयार करवल्या. रेघा गेल्या, फिके शब्द ठळक झाले.

एक शब्द मात्र फिकाच राहिला : 'स्टार्ट'. आरंभी पणती पेटवण्याची ती कृती. "हाही खोटाच," असे म्हणता म्हणता तो थबकला. नावातले पहिले इंग्रजी अक्षर मोठे हवे, ते त्याने लहान लिहिले होते. त्या नावाने युनिटी कधीच हाक मारणार नव्हती. सकाळपासून पणती का पेटत नाही, ते आता कळले. सर्वांचे तोंड बंद केले असते, तर हेही कळले नसते.

तो हसला. मला मात्र हसू आले नाही.

एका वर्षी वर्ग गोंगाटाचा होता आणि मी वैतागलेला. जवळजवळ प्रत्येकाच्या प्रगतिपुस्तकात मी एकच शेरा लिहीत सुटलो : 'फळ्याकडे लक्ष नसते.' खिडकीजवळची एक मुलगी खरोखरच फळ्याकडे पाहत नसे. कारण तिला फळ्यावरचे दिसतच नव्हते. तिच्या वडिलांनी न वाचताच सही केली. तिला चष्मा लागला तो पुढच्या वर्षी. "गुरुजी सगळ्यांनाच तसं लिहितात, असं वाटलं," ते मला म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

खोटा इशारा निरपराध्याला बोल लावतो, हा त्याचा लहान दोष. मोठा दोष असा, की खऱ्या इशाऱ्याची पत तो आधीच खर्चून बसतो. ऐकणाऱ्याने त्याचे तोंड बंद करण्यापूर्वी, त्याला काय दिसत नाही ते शोधावे, हे खरे. पण एडिटरला बाहेरच्या कोणीतरी शिकवावे लागते. मास्तरांना खुर्चीवरून उठून त्या बाकापाशी जाता येत होते.

सहामाहीची प्रगतिपुस्तके मी सुट्टीत लिहायला घरी आणली आहेत. अजून एकही शेरा लिहिलेला नाही.