खमक्या नेता आणि उरणारा कायदा

परभणी,
५ मार्च

चि. बाळास मामाचे अनेक आशीर्वाद.

पगार झाल्याचा तुझा फोन आला, बरं वाटलं. जेवण वेळेवर घेत जा, रात्री फार जागू नकोस. इकडे उरूस आटोपला. हरभरा निघाला, मामीची कंबर मात्र धरलीय.

फोनवर तू म्हणालास, देशाला एक खमक्या नेता मिळाला की आर्थिक धोरण झटक्यात बदलतं. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय बघ. खमक्या माणूस लागतो रे, नाही कोण म्हणतं? १९७२ च्या दुष्काळात मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी गावोगाव कामं काढली, म्हणून आपली चूल पेटली. तुझी आजी हाताला चिंध्या गुंडाळून खडी फोडायला जायची. संध्याकाळी लाल मिलो ज्वारीची भाकरी, थापतानाच तुटायची.

पण बाळा, नाईकसाहेब एकटे नव्हते. त्या कामांमागचा रोजगार हमीचा विचार वि. स. पाग्यांचा, आधी तासगाव तालुक्यात करून पाहिलेला. आणि पैसा? महिन्याला २०० अन् फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला म्हणून तू कुरकुरलास ना, तो १९७५ मध्ये या हमीसाठीच बसवलेला. त्याच साली नाईकसाहेब पायउतार झाले. पुढे मुख्यमंत्री बदलत गेले, तरी १९७७ ला विधिमंडळानं या हमीचा कायदा केला, १९७९ पासून तो लागू झाला. २००५ ला दिल्लीनंही त्याच वाटेनं देशासाठी कायदा केला.

आणि नेत्याचं बळ म्हणजे नुसतं बहुमतही नव्हे. आपल्या रामटेकचे खासदार राहिलेले नरसिंहराव १९९१ ला पंतप्रधान झाले, तेव्हा सरकार अल्पमतातलं आणि देशाचं सोनं गहाण पडलेलं. तरी अर्थमंत्री मनमोहनसिंगांच्या पाठीशी उभं राहून त्यांनी लायसन्स-परमिटचा कारभार मोडला.

म्हणून नेत्यावर जीव लाव, पण कायदा कुणी लिहिला, पैसा कुणाच्या खिशातून येणार आणि साहेबांची खुर्ची गेल्यावर गरिबाच्या हाती काय उरणार, एवढं विचारत जा. त्यावरून हापिसात कुणी वाकडं बोललं तर भांडू नकोस, परक्या गावची नोकरी आहे. पण विचारायचं सोडूही नकोस.

पाडव्याला ये. रेल्वेचं आरक्षण आत्ताच करून ठेव, मागाहून मिळत नाही.

तुझा,
मामा